तिखट धुऊन टाक आधी

रविवार, 6 जुलै (आषाढी)

11:08 स्नेहल, बी-302: अर्जंट!! पार्किंगमध्ये ओमला कुत्रं चावलं. पोटरीला दोन दात लागलेत, रक्त आलंय. अण्णांनी सांगितलं म्हणून हळद-तिखट भरलंय, पण तो थयथया नाचतोय. डॉक्टर फोन उचलत नाहीत.

11:10 अण्णा, ए-101: घाबरू नकोस पोरी. तिखट विष ओढून घेतं. वर महिनाभर गुळवेलीचा काढा दे. प्रतिकारशक्ती वाढली की काही बाधत नाही. माझ्या कुंडीत वेल आहे, पाठवतो.

11:11 शैला सिस्टर, ए-204: स्नेहल, तिखट धुऊन टाक आधी. पाय नळाखाली धर, साबण लाव, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. कपड्याचा साबणही चालेल. पट्टी बांधू नकोस.

11:11 स्नेहल: पंधरा??

11:12 शैला सिस्टर: पंधरा. ओरडू दे त्याला. रेबीजच्या विषाणूला तेलकट आवरण असतं, ते साबणाने फुटतं. तिखटाने जखम फक्त आणखी चिघळते.

11:14 सेक्रेटरी: पार्किंगमध्ये कुत्र्यांना खायला घालू नये हे तीनदा कळवलेले आहे.

11:14 शैला सिस्टर: ते मीटिंगमध्ये बोला. आत्ता गाडी काढा. रविवार असला तरी मोठ्या सरकारी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी चालू असते.

11:17 मेघना, सी-105: काळूच होता ना? त्याचा कान कापलेला आहे, म्हणजे नसबंदी झाली आहे आणि तेव्हा रेबीजची लसही दिली असणार.

11:19 शैला सिस्टर: कधी दिली? लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. काळूवर दहा दिवस लक्ष ठेव, ते काम तुझं. पण ओमची लस त्यासाठी थांबवायची नाही.

11:24 अण्णा: शैलाताई, मला लहानपणी दोनदा चावलंय. आजीने तिखटच भरलं होतं. आज सत्त्याहत्तरचा आहे, ठणठणीत.

11:31 शैला सिस्टर: अण्णा, तुम्ही मोठे, राग मानू नका. ती कुत्री पिसाळलेली नव्हती, म्हणून तुम्ही वाचलात. त्याचं श्रेय तिखटाला मिळालं. ज्यांना पिसाळलेलं चावलं ते आज सांगायला नाहीत. हा विषाणू मज्जातंतूंतून हळूहळू मेंदूकडे सरकतो, शरीराला बरेच दिवस पत्ताच लागत नाही. मग काढ्याने प्रतिकारशक्ती वाढवून ती लढणार कुणाशी? लस तिला शत्रूची ओळख करून देते. त्यालाही आठ-दहा दिवस लागतात, म्हणून रक्त आलं असेल तर जखमेतच सीरम, म्हणजे तयार प्रतिपिंडं, भरतात. नोकरीत असताना पाण्याचा पेला पाहून घशाला आचके येणारा माणूस मी पाहिलाय. तिथपर्यंत गेल्यावर जवळपास कुणी परत येत नाही.

11:33 निखिल, बी-501: पोटात चौदा इंजेक्शनं का?

11:34 शैला सिस्टर: ते कधीच बंद झालं रे. आता दंडात.

11:40 निखिल: योगायोग बघा, 1885 साली पाश्चरची रेबीजवरची पहिली लस जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला टोचली गेली तीही 6 जुलैलाच.

11:41 सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोलावे.

15:46 स्नेहल: आलो घरी. जखमेभोवती सीरम दिलं, तेव्हा फार रडला. टाके घातले नाहीत, मुद्दामच म्हणाले. धनुर्वाताचंही दिलं. कार्डवर तारखा आहेत: 6, 9, 13 जुलै आणि 3 ऑगस्ट. सगळं फुकट झालं. आता साबुदाण्याची खिचडी खातोय.

15:52 शैला सिस्टर: 3 ऑगस्टचा अलार्म आत्ताच लाव. शेवटचा डोस लोक विसरतात.

15:58 अण्णा: बरं झालं. मग वेल पाठवू की नको?

16:03 शैला सिस्टर: नको. आणि तुम्हीही बेतानं घ्या. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, तो वाद वेगळा. पण तुमची साखरेची गोळी चालू आहे, डॉक्टरांना विचारा.

16:05 अण्णा: 🙏

18:20 मेघना: काळू गेटपाशी झोपलाय. पोळी खाल्ली, पाणी प्यायला. दिवस पहिला.