व्हिएन्नात ऑपेरा बघायचा आहे: तिकीट, जागा, उभ्याची रांग

सायली_पुणे

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी, नवरा आणि सासू-सासरे चार रात्री व्हिएन्नात आहोत. एक संध्याकाळ स्टेट ऑपेरात घालवायचीच असं ठरलंय. याआधी ऑपेरा कुणीच पाहिलेला नाही. सासऱ्यांना संगीत नाटकांची मनापासून आवड आहे, त्यामुळे ते तीन तास आनंदाने बसतील, पण सासूबाईंचे गुडघे दुखतात. जर्मन कुणालाच येत नाही. तिकिटं कशी काढायची? उभ्याची (उभं राहून बघायची) स्वस्त तिकिटं कशी मिळतात? साडी चालते का? आणि रस्त्यावर मोत्सार्टच्या वेशातले लोक तिकिटं विकतात, ती घ्यावीत का?

तिसरी_घंटा

रस्त्यावरची तिकिटं घेऊ नका. ती ऑपेराच्या प्रयोगाची नसतात, पर्यटकांसाठी होणाऱ्या मैफलींची असतात. मोत्सार्ट आणि श्ट्राउसचे गाजलेले तुकडे एकामागोमाग एक वाजवतात. जागा कधी एखाद्या राजवाड्यातलं दालन असते, तर कधी चक्क म्युझिकफेरआइनचं सोनेरी सभागृह, आणि घोळ इथेच होतो. नववर्षाच्या मैफलीत टीव्हीवर दिसतं तेच सभागृह, म्हणजे वाद्यवृंदही व्हिएन्ना फिलहार्मोनिकच, असा लोकांचा समज होतो. तसं नसतं. फिलहार्मोनिकचे वादक स्टेट ऑपेराच्याच वाद्यवृंदातून निवडले जातात. त्यामुळे त्यांना ऐकायचं असेल तर ऑपेराचं तिकीट काढणं हाच सरळ मार्ग.

आता मुख्य गोष्ट. तारीख ठरवून मग 'त्या दिवशी काय आहे' असं बघू नका, आधी काय बघायचं ते ठरवा. इथे एकच प्रयोग महिनाभर चालत नाही. आज पुच्चिनी, उद्या मोत्सार्ट, परवा बॅले असा रोजचा खेळ बदलतो. चार रात्री हाताशी आहेत, म्हणजे निवडीला वाव आहे. पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी पुच्चिनीचं 'टोस्का' किंवा 'ला बोएम' त्या आठवड्यात असेल तर डोळे मिटून घ्या. इथलं 'टोस्का' 1958 पासून त्याच नेपथ्यात उभं राहतंय आणि 'बोएम' 1963 पासून. 'बोएम'च्या दुसऱ्या अंकात दोन मजली रस्ता आणि कॅफे माणसांनी गच्च भरतो, तो बघण्यासारखा असतो. दोन्ही ऑपेरा मध्यंतरासकट अडीच तासांच्या आसपास आटोपतात.

वाग्नर या जर्मन संगीतकाराचे ऑपेरा टाळा. 'पार्सिफाल'सारखा ऑपेरा पाच तास चालतो आणि दुपारीच सुरू होतो. उलट 'एलेक्ट्रा' किंवा 'सालोमे' छोटे आहेत, पावणेदोन तासांचे, पण मध्ये मध्यंतरच नाही. गुडघे दुखणाऱ्याला हे जास्त जड जातं, कारण मध्येच उठून पाय मोकळे करता येत नाहीत.

नेपथ्यकार

जागांबद्दल, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

सभागृह घोड्याच्या नालेच्या आकाराचं आहे. कडेच्या बॉक्समधून (थोड्या खुर्च्यांच्या छोट्या कप्प्यांतून) रंगमंचाची जवळची बाजू कापली जाते. बॉक्समध्ये पहिल्या रांगेच्या खुर्च्या उत्तम, पण दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतल्यांना पुढच्यांची डोकी दिसतात आणि शेवटी उभं राहूनच बघावं लागतं. तिकीट स्वस्त दिसलं की लोक तेच घेतात आणि मग बॉक्सला नावं ठेवतात. अधिकृत संकेतस्थळावर अर्धवट दिसणाऱ्या जागांवर तशी सूचना असते, ती वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

सासूबाईंसाठी दोन पर्याय: खाली पार्केटमध्ये (तळमजल्यावरच्या मुख्य रांगांत) रांगेच्या टोकाची खुर्ची, किंवा रंगमंचाच्या समोरच्या बाजूच्या बॉक्समधली पहिली रांग. बॉक्समधल्या खुर्च्या सुट्या असतात, जरा सरकवून पाय लांब करता येतात. अगदी वरच्या गॅलरीत आवाज फार सुंदर पोहोचतो, पण तिथे उतार तीव्र आहे आणि रांगा अरुंद. गुडघ्यांसाठी नको.

दर 20 युरोच्या आतपासून अडीचशेच्याही वर जातात, प्रयोगानुसार बदलतात. फक्त ऑपेराच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. शोध घेतल्यावर वर येणाऱ्या जाहिरातींतले बरेच दलाल असतात, त्यांच्याकडे तेच तिकीट कितीतरी महाग पडतं. भाषेची काळजी सोडा: प्रत्येक जागेसमोर छोटा पडदा आहे, त्यावर इंग्रजी निवडा. मात्र कथानक आधी वाचून या, म्हणजे सारखं खाली बघावं लागणार नाही.

उभा_रसिक

उभ्याच्या जागा म्हणजे या शहराची खरी श्रीमंती. शेकडो जागा असतात आणि दहा-वीस युरोत जगातले उत्तम गायक ऐकायला मिळतात. सासू-सासऱ्यांना बसवा, तुम्ही दोघांनी मात्र दुसऱ्या एखाद्या रात्री उभ्याने जरूर बघा.

पद्धत अशी. त्याच दिवशीच्या प्रयोगाची उभ्याची तिकिटं सकाळी 10 पासून ऑनलाइन मिळतात. उरलेली प्रयोगाच्या 80 मिनिटं आधी उभ्याच्या खिडकीवर विकतात, ती इमारतीच्या ओपर्नगासे बाजूला आहे. नाव मोठं असेल तर सकाळीच घ्या, साध्या दिवशी संध्याकाळीही मिळून जातात. पार्टेअर (तळमजल्यावरची उभ्याची जागा) मागितलंत तर रंगमंचाच्या नेमके समोर, मधल्या बॉक्सच्या खाली उभे राहाल. एवढ्या पैशात यापेक्षा चांगलं दृश्य दुसरीकडे मिळत नाही.

पूर्वी तिकिटावर ठरलेला नंबर नसायचा. तेव्हा आत गेल्यावर लोक कठड्याशी जागा पकडून तिथे पातळ स्कार्फ बांधायचे. स्कार्फ बांधला की ती जागा त्याची.  आता उभ्याच्या जागांनाही नंबर असतात. पहिली रांग मिळवायचा प्रयत्न करा: टेकायला कठडा आणि भाषांतराचा पडदा दोन्ही हाताशी येतात. मागच्या रांगेत उंच माणूस पुढे आला की संपलं. दिवसभर श्योनब्रुन राजवाडा पायी फिरून त्याच रात्री उभ्याने बघू नका, दुसऱ्या अंकात पाय बोलायला लागतात. बूट सपाट हवेत.

तिसरी_घंटा

साडी उत्तम. पुरुषांना कोट-टाय सक्तीचा नाही, साधी पँट आणि शर्ट पुरे. हाफपँट, बिनबाह्यांचा टी-शर्ट आणि रबरी स्लिपर घालून मात्र आत सोडत नाहीत. मोठा कोट, पाठपिशवी, छत्री खाली जमा करावी लागते. शेवटी तिथे मोठी रांग लागते, तिकडे घाईने जाऊ नका, सासूबाईंना आरामात येऊ द्या.

उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत दार उघडत नाही. बिनमध्यंतराच्या प्रयोगाला म्हणजे ते तिकीटच गेलं. कार्ल्सप्लात्स मेट्रो स्थानक लांबलचक आहे, चुकीच्या टोकाने वर आलात तर दहा मिनिटं सहज जातात. 'ओपर' अशी पाटी बघूनच बाहेर पडा.

सायली_पुणे

खूप उपयोगी. समजा 'टोस्का'-'बोएम' दोन्ही नसतील आणि चांगल्या जागाही संपल्या असतील, तर दुसरं कुठे जावं?

नेपथ्यकार

फोक्सओपर. U6 मेट्रोच्या वेरिंगर श्ट्रासे स्थानकाशेजारी. ऑपेरेटासाठी हेच घर: हलकी कथा, नाच, संवाद. दर बरेच कमी.

थिएटर आन डेअर वीनमध्ये एका वेळी एकच निर्मिती काही दिवस चालते, मग काही रात्री रिकाम्या. तुमच्या तारखा जुळल्या तरच. 1805 मध्ये बीथोवनच्या 'फिडेलियो' या ऑपेराचा पहिला प्रयोग याच इमारतीत झाला. तिथली मांडणी बहुधा नव्या पद्धतीची असते, पारंपरिक नेपथ्य बघायच्या अपेक्षेने गेलात तर निराश व्हाल.

बुर्गथिएटर जर्मन नाटकांचं आहे. इंग्रजी भाषांतर ठराविक प्रयोगांनाच असतं, ते तपासल्याशिवाय जाऊ नका.

उभा_रसिक

हा धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी: जुलै-ऑगस्टमध्ये स्टेट ऑपेरा बंद असतं. त्या दिवसांत राटहाउससमोर (नगरभवनासमोर) संध्याकाळी मोठ्या पडद्यावर ऑपेरा आणि मैफलींची चित्रीकरणं फुकट दाखवतात. एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबरमध्ये बऱ्याच संध्याकाळी ऑपेराच्याच बाहेर, केर्न्टनर श्ट्रासेच्या बाजूला, आतला प्रयोग थेट दाखवतात, तोही फुकट. फेब्रुवारीत जाणार असाल तर ऑपेरा बॉलची (ऑपेरातल्या मोठ्या नृत्यसमारंभाची) तारीख बघा. त्यासाठी खुर्च्या काढून जमीन सपाट करतात, त्या दिवसांत प्रयोग नसतात.

सायली, परतीचं: शुक्रवार-शनिवारी मेट्रो रात्रभर चालते, इतर दिवशी साधारण साडेबारापर्यंत. शाकाहारी असाल तर जेवण आधीच उरका, प्रयोग सुटल्यावर आसपास फार पर्याय उरत नाहीत.