वर्षभर बंद राहणाऱ्या शेतावरच्या घरात बाराबोर ठेवावी का?

प्रश्न (प्रतापनगर, नागपूर)

सर्वांना नमस्कार. वडिलांनी सत्तरी ओलांडल्यानंतर त्यांच्याकडील बाराबोरची दुनाळी बंदूक वारस म्हणून माझ्या नावावर झाली असून तिचा परवाना नागपूरच्या पोलीस आयुक्तालयाने दिलेला आहे. येत्या जूनपासून साधारण वर्षभर मी आणि पत्नी मुलीकडे बंगळुरूला राहणार आहोत व प्रतापनगरचे घर भाड्याने देणार आहोत. उमरेड रोडने पुढे, कुही तालुक्यात, आमचे शेत आहे आणि शेतावर दोन खोल्यांचे घर आहे. एका खोलीवर स्लॅब आहे, दुसरीवर टिन. सालदार दिवसभर असतो, पण संध्याकाळी तो गावात परततो आणि रात्री तिथे कोणीही नसते.

स्लॅबच्या खोलीत एक मजबूत लोखंडी कपाट भिंतीला बोल्टने पक्के करावे, त्यात बंदूक व काडतुसे ठेवावीत आणि निर्धास्त व्हावे, असा माझा विचार आहे. कपाटाचा पत्रा किती जाड असावा, पावसाळ्याच्या चार महिन्यांत नळीला गंज चढू नये म्हणून काय करावे आणि किल्ली कोणाजवळ ठेवावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे. ही बंदूक वडिलांनी जागलीला जाताना वर्षानुवर्षे खांद्यावर वागवलेली आहे, त्यामुळे तिची किंमत माझ्यासाठी पैशांत होणारी नाही.

उत्तर (काटोल)

कपाटाच्या जाडीविषयी विचारलेत, म्हणून माझ्याच संत्र्याच्या बागेतल्या घरात जे घडले ते सांगतो. तिथे एक लोखंडी कपाट होते, कुलूप चांगले होते आणि दाराचा पत्राही जाड होता. आम्ही दिवाळीला तीन आठवडे बाहेरगावी असताना चोर खिडकीचे गज कापून आत शिरले. त्यांनी दाराला हातसुद्धा लावला नाही. कपाट तोंडावर पालथे पाडले आणि मागचा पातळ पत्रा एखादा डबा फोडावा तसा तीन बाजूंनी कापून उलगडून ठेवला. माझे दैव चांगले, कारण बंदूक त्या वेळी नागपुरात होती आणि कपाटात विहिरीवरच्या मोटरची केबल व कागदपत्रे होती. कापलेल्या पत्र्याची ती कड मी बराच वेळ पाहत उभा राहिलो होतो. चोराजवळ घाई नसेल तर कुठलेही कपाट फक्त वेळ वाढवते, आणि रात्री ज्या घरात कोणी नाही तिथे त्याला घाई कशाची असणार? भिंतीला बोल्ट मारले तर कपाट पालथे पडणार नाही, हे खरे आहे. परंतु आवाज ऐकायला कोणी नसेल तर आख्खी रात्र त्याचीच असते.

उत्तर (सिव्हिल लाइन्स, शस्त्रपरवान्याच्या कामाचा अनुभव)

आपण कपाटापासून सुरुवात केली आहे. माझ्या मते सुरुवात परवान्यापासून व्हायला हवी. शस्त्र अधिनियम, 1959 प्रमाणे बंदूक ज्याच्या नावे परवाना आहे त्याच्याच ताब्यात असली पाहिजे. आपण बंगळुरूला, बंदूक कुहीला आणि किल्ली सालदाराकडे, असे झाले तर ताबा प्रत्यक्षात कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्या प्रश्नात तो बिचारा सालदार आपल्यापेक्षा जास्त अडकतो. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याला बंदूक नेता येते, परंतु ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठीच. वर्षभर सांभाळण्यासाठी नाही. म्हणून किल्ली कोणाकडे ठेवावी, याचे उत्तर ‘कोणाकडेच नाही’ असे आहे.

दुसरे असे की शहरातील परवाने पोलीस आयुक्त देतात आणि ग्रामीण भागात तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा असतो. आपला परवाना एका हद्दीतला आणि शेत दुसऱ्या हद्दीत, अशी स्थिती आहे. 30 दिवसांपेक्षा अधिक काळासाठी राहण्याचे ठिकाण बदलून शस्त्र सोबत नेल्यास त्याची माहिती 30 दिवसांच्या आत दोन्हीकडील अधिकाऱ्यांना कळवावी लागते. परंतु ज्या घरात आपण राहणारच नाही, तिथे शस्त्र नेण्याला या अटीचा आधार घेता येत नाही.

सरळ मार्ग असा आहे की बंदूक आणि काडतुसे परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ताब्यासाठी जमा करावीत. आपल्यापैकी बहुतेकांना जमा करणे म्हटले की निवडणुकीच्या काळातली ठाण्यातली रांग आठवते, ठाणेदारांची सही आठवते. परंतु स्वतःच्या सोयीसाठीही शस्त्र जमा करता येते आणि त्यात कमीपणाचे काहीही नाही. दुकानदार पावती देतो व ठेवण्याचे शुल्क घेतो. बंदूक जमा असली तरी परवान्याची मुदत चालूच राहते, म्हणून ती तारीख डायरीत लिहून ठेवा. 2019 च्या दुरुस्तीपासून परवाना पाच वर्षांचा झाला आहे, पण आपल्या पुस्तिकेवर कोणती तारीख आहे ती पाहा आणि वर्षभरात मुदत संपणार असेल तर जाण्यापूर्वीच नूतनीकरणाचे काम मार्गी लावा.

उत्तर (रामटेक)

दुनाळी उघडून तिचे भाग वेगळे करता येतात. नळी एका ठिकाणी आणि दस्ता (खांद्याला टेकवायचा लाकडी भाग) दुसऱ्या ठिकाणी ठेवला, तर चोराच्या हाती अर्धीच वस्तू लागेल. हा उपाय शेतघरासाठी योग्य नाही का?

उत्तर (सिव्हिल लाइन्स)

घरात आपण स्वतः राहत असताना ही सवय उत्तम आहे. बंदूक उघडून, रिकामी असल्याची खात्री करून कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात, असेच असावे. परंतु अधिनियमात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. म्हणजे नळी एखाद्या नातेवाइकाकडे ठेवली तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा ठपका त्याच्यावर येऊ शकतो. बंद घरात एकच भाग ठेवला आणि तो चोरीला गेला, तरी तक्रार ठाण्यात तत्काळ द्यावी लागतेच. आणि बंगळुरूला बसून चोरी झाल्याचे आपल्याला कळणार तरी केव्हा?

उत्तर (धंतोली)

गंजाबद्दल कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहितो. दुकानात जमा केली तरी हे उपयोगी पडेल. हवेतील आर्द्रता साधारण 60 टक्क्यांवर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागते, आणि नागपुरात जुलै-ऑगस्टमध्ये ती 80 टक्क्यांच्या वर असणे नेहमीचेच आहे. बंद खोलीत, विशेषतः मे महिन्यात 45 अंश सोसलेल्या भिंतींवर पहिला पाऊस पडला की, हवा अक्षरशः घामेजते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या पिशवीत बंदूक ठेवणे. पिशवी ओल धरते आणि ती थेट नळीला लावून ठेवते. मी एकदा पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत तशी ठेवली होती. पिशवी उघडली तेव्हा अस्तरावर हिरवट बुरशी होती आणि नळीवर तांबूस रंगाचे चार ठसे होते. ते माझ्याच बोटांचे होते. ठेवताना पुसायचे राहून गेले होते आणि हाताच्या घामातील मिठाने आपले काम केले होते. तो डाग घासल्यावर गेला, पण त्याच्यासोबत नळीचा निळसर झळाळही गेला.

म्हणून जमा करण्यापूर्वी नळ्या आतून स्वच्छ करा, कोरड्या करा, आतबाहेर बंदुकीच्या तेलाचा पातळ हात फिरवा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी धातूला स्पर्श करू नका. तेल जास्त झाले तर ते ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरते व लाकूड मऊ पडते, त्यामुळे बंदूक उभी ठेवायची असेल तर नळीचे तोंड खाली असावे. सोबत सिलिका जेलची पुडी द्या. निळे दाणे गुलाबी झाले की ती ओल पिऊन भरली असे समजावे. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा पुसून तेल द्यावे, असे दुकानदाराशी आधीच बोलून ठरवा. काडतुसे जुनी, कागदी नळीची असतील तर ती दमट हवेत फुगतात आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागी, अडकतात. ती पुन्हा वापरण्याचा मोह धरू नका.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. काटोलच्या दादांनी सांगितलेला तो कापलेला पत्रा डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि सालदाराबद्दलचा मुद्दा तर माझ्या ध्यानातच आला नव्हता. तो वीस वर्षे आमच्याकडे आहे. माझ्या सोयीसाठी त्याच्यावर असा प्रसंग यावा, हे मला कदापि चालणार नाही. कपाटाचा बेत मी सोडला आहे. आज एका परवानाधारक दुकानात जाऊन चौकशी केली. ते वर्षभरासाठी ठेवून घ्यायला तयार आहेत. मे संपण्यापूर्वी जमा करीन. वडिलांना दाखवण्यासाठी पावतीची एक प्रत माझ्यासोबत राहील.

उत्तर (सिव्हिल लाइन्स)

उत्तम झाले. पावतीवर बंदुकीचा क्रमांक परवान्यातील क्रमांकाशी अक्षरशः जुळवून घ्या, काडतुसांची संख्या वेगळी लिहून घ्या, आणि देण्यापूर्वी नळी, दस्ता व क्रमांक यांची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवा. मूळ पावती परवान्याच्या पुस्तिकेजवळ ठेवा. परत घेताना दोन्ही सोबत न्यावे लागतील.