मदत हवी आहे: नोव्हेंबरात सिएटल, ग्रंजची ठिकाणं आणि पाऊस

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात भावाकडे सिएटलजवळच्या रेडमंडला दहा दिवस येतोय. कॉलेजात निर्वाणा आणि साउंडगार्डन या ग्रंज, म्हणजे तिकडच्या खरखरीत रॉक संगीताच्या, बँडच्या कॅसेटी घासून घासून संपवल्या, त्यामुळे ही वारी करायचीच आहे.

पहिला प्रश्न पावसाचा. सिएटलला वर्षभरात साधारण ९५० मिमी पडतो, म्हणजे आपल्या मुंबईचा एकटा जुलै जवळपास तेवढा ओततो! पण दादा म्हणतो, तिथली रिपरिप दिवसेंदिवस चालते आणि छत्री कोणी उघडत नाही. मग टोपीवालं जाकीट पुरेल का? आतून फ्लॅनेलचा चौकडीचा शर्ट घालणारच आहे, हसू नका. लाकूडतोड्यांच्या त्या भागात तो फॅशनच्या आधी थंडीसाठीच होता.

दुसरं, निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन याचं गाव ॲबरडीन. सिएटलहून पावणेदोनशे किमी, आणि पाऊस तिथे दुपटीहून जास्त. गाडी चालवत नाही. बसने एका दिवसात जाऊन-येऊन होतं का? विश्का नदीकाठचं स्मारक बघायचंय.

आणि तिथे वाढलेल्यांनो, पावसामुळे पोरं तळघरात कोंडली गेली म्हणून हे संगीत जन्मलं, हे खरं की नुसत्या गप्पा? मला तर स्वस्त घरभाडं हे कारण जास्त पटतं.