भयकथेत अंधश्रद्धा येते तेव्हा: लिहिणाऱ्यांनो, बारकावे टाका (अनुभव धागा)

कातरवेळ
परवा कुणीतरी मानवतचं नाव काढलं आणि पिंपळावरचा तो मुंजा परत आठवला. 1972 ते 74, परभणी जिल्हा, गुप्तधनापायी एकामागून एक खून. त्यावर बेतलेल्या कथा दिवाळी अंकांत नेहमी येतात, पण बहुतेक दुसऱ्याच पानावर बळी देऊन मोकळ्या होतात. मांत्रिकाची मागणी पायरीपायरीने चढली पाहिजे. आधी नारळ आणि सव्वा रुपया. मग अमावास्येला कोंबडं. मग ‘घरात कुणाला बोलू नका’. मग पायाळू (जन्मताना पाय आधी आलेला) माणूस शोधून आणा. तोवर पैसा गेलेला असतो, बायकोशी खोटं बोलून झालेलं असतं. मागे फिरायचं तर आपण फसलो हे कबूल करावं लागतं. ही अडकण वाचकाला कळली की सुरी दाखवायचीही गरज उरत नाही.

रसायनवाली
भोंदूबाबाचं लिंबातलं रक्त! सुरीच्या पात्याला लाल जास्वंदीची पाकळी चोळून वाळवायची. लिंबू कापताना आंबट रस लागला की लालभडक. आपोआप पेटणाऱ्या होमाचं असं: पोटॅशियम परमँगनेटची चमचाभर पूड, मधे खळगा, त्यात ‘तूप’ म्हणून ग्लिसरीनचे चार-पाच थेंब. लेखक इथे चुकतात, लगेच जाळ दाखवतात. तो काही सेकंदांनी येतो, थंडीत आणखी उशिरा. पूड जाडी असेल तरी उशीर. पौषातल्या रात्री होम पेटत नाही, बाबाचा मंत्र लांबतो, आवाज चढतो, भक्तांना वाटतं देव रागावला. कथा तिथे आहे. (घरी करू नका, ठिणग्या उडतात.)

सुगरण_७
पांढरी जास्वंद चालेल का गं ताई? आमच्या दारात तीच आहे

रसायनवाली
नाही गं, तिच्यात तो रंगच नसतो. मिथाइल ऑरेंज या प्रयोगशाळेतल्या रंगाने होतं, पण ते खेड्यातल्या भगताच्या हातात शोभणार नाही.

रात्रपाळी
साप चावल्याचा प्रसंग घेणार असाल तर मण्यार घ्या. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, दुखत जवळजवळ नाही. पहाटे पोटात कळ, मग पापण्या जड, मग श्वास. भगत कडुलिंबाचा पाला चावायला देतो, गोड लागला तर विष चढलंय म्हणे. पेशंट म्हणतो कडू लागला, सगळे निश्चिंत होतात आणि पापण्या मिटत जातात. भगताला यश का येतं तेही लिहा: बरेच साप बिनविषारी, विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. पेशंट वाचतो आणि श्रेय मंत्राला जातं.

रात्रपाळी
कुणी दवाखान्यात न्यायला निघालं की अडवणारे घरचेच असतात. हे विसरू नका, प्लीज.

कलमवाले काका
कथा 2013च्या आधीची असेल तर जादूटोणाविरोधी कायदा आणू नका. डॉ. दाभोलकरांचा खून झाला 20 ऑगस्ट 2013ला, वटहुकूम त्यानंतर, कायदा डिसेंबरमध्ये. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5 ते 50 हजार, गुन्हा अजामीनपात्र. साप-विंचू चावल्यावर उपचारापासून रोखणं अनुसूचीत स्वतंत्र दिलंय. मानवतच्या काळात असा वेगळा कायदा नव्हता, खुनाचं कलमच होतं.

कातरवेळ
काका, हे सेव्ह केलं 🙏

खोलपाणी
अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्टच्या वाटेने जाणारे देवाला क्रूर करतात, तिथेच चुकतात. त्याच्या 1928च्या गाजलेल्या ‘द कॉल ऑफ कथुलू’ या कथेपासून पाहा, त्याच्या कथांतल्या अमानवी शक्तींना माणसाची खबरच नाही. रोडरोलरखाली वारूळ जातं, चालवणाऱ्याला राग थोडाच असतो? मूर्तीचं वर्णन टाळा. एकच खूण द्या: नैवेद्याच्या भाताला मुंगी लागत नाही. किंवा कौल घ्या. कोकण-गोव्यात मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात, उजवी पडली तर होकार, डावी तर नकार. एके दिवशी दोन्ही एकाच क्षणी पडतात. गुरव थबकतो, समोरच्या गर्दीकडे बघतो आणि म्हणतो, होकार.

सुगरण_७
अंगावर काटा आला. कुकर बंद करून येते

माडाची_सावली
खोलपाणी, कौलाबद्दल जपून लिहा हं. गावोगावी रीत वेगळी, कुठे पाकळ्या, कुठे तांदूळ. देवस्थान नक्की न करता लिहिलंत तर आमच्याकडचा वाचक पहिल्या ओळीतच पुस्तक मिटेल.

खोलपाणी
बरोबर. तांदूळ कुठे लावतात ते सांगाल का?