कातरवेळी पाणवठा बघायला दुर्बीण: ८×४२, १०×४२ की ८×५६? मदत हवी आहे

रातवा:
दिवेलागणीची वीस-पंचवीस मिनिटं आणि पहाटे झुंजुमुंजू होताना, दीडशे-दोनशे मीटरवरचे प्राणी बघायचे आहेत. वय ५४, चष्मा कायम. तिवई नसेल, दुर्बीण हातातच. माहितीपत्रकात ट्वायलाइट फॅक्टर (अंधुक उजेडातल्या क्षमतेचा आकडा) दिलाय: ८×४२ ला १८.३, १०×४२ ला २०.५, ८×५६ ला २१.२. त्यावरून ठरवू का?

पिंगळा:
नको. वर्धन (८×४२ मधला ८) गुणिले पुढच्या भिंगाचा मिमीतला व्यास (४२), त्याचं वर्गमूळ, एवढाच तो आकडा. काचेचा दर्जा त्यात कुठेच येत नाही. सुमार १०×४२ असो की अव्वल, दोन्हींना २०.५ च.

उलट व्यासाला वर्धनाने भागा. ८×४२ ला ५.२५ मिमी येतात, १०×४२ ला ४.२ आणि ८×५६ ला ७. डोळ्यात शिरणाऱ्या झोताची ही जाडी. तरुणपणी अंधारात बाहुली ७ मिमीपर्यंत उघडते; पन्नाशीनंतर बहुतेकांची ५ च्या आसपास, कधी त्याहून कमी. तुमची ५ धरली तर ८×५६ चा बाकीचा झोत बुबुळावर पडून वाया जातो आणि ५६ पैकी ४० मिमीच भिंग कामाला येतं. किलोभर वजन मात्र सगळं गळ्यात. तुम्हाला ८×४२.

घारडोळा:
१०×४२ अगदीच मोडीत काढू नका. अंधुक उजेडात मोठी प्रतिमाही मदत करते, शिंगं-कान लवकर उमजतात. पण ते तिवईवर. हातात धरली की दहापट वर्धनात थरथरही दहापट, आणि तेवढ्यात तपशील पुसला जातो. तिवई नसेल तर मीही ८×४२ च म्हणेन.

आकड्यांपेक्षा लेपांकडे जास्त लक्ष द्या. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. अशी दहा पृष्ठं आली की एक तृतीयांश उजेड वाटेतच गेला. म्हणून ‘फुली मल्टिकोटेड’ हेच शब्द हवेत. नुसतं ‘कोटेड’ किंवा ‘मल्टिकोटेड’ लिहिलं असेल तर काही पृष्ठं कोरी असू शकतात. सरळ नळ्यांच्या रूफ प्रिझम दुर्बिणीत बहुधा एका पृष्ठावर आरसा लागतो. तो अॅल्युमिनियमचा असेल तर दहाएक टक्के उजेड खातो, चांदीचा त्याहून बराच कमी, डायइलेक्ट्रिक (धातूऐवजी अनेक पातळ थरांचा) एखादा टक्का. फेज कोटिंग, म्हणजे रूफ प्रिझमवरचा आणखी एक लेप, आहे का तेही विचारा, नाहीतर चित्रातल्या कडा मऊ दिसतात. लालभडक चमकणारी भिंगं घेऊच नका: तो लेप लाल प्रकाश परतवतो, चित्र निळसर आणि मंद होतं. झूमवालीही नको.

रातवा:
दुकानात हे तपासायचं कसं?

पिंगळा:
दुर्बीण हातभर लांब धरून उजळ भिंतीकडे रोखा आणि नेत्रिकेतला (डोळ्याकडच्या भिंगातला) प्रकाशाचा ठिपका बघा. गोल आणि कडेपर्यंत सारखा उजळ हवा. कडा करड्या होऊन ठिपका चौकोनी वाटला तर प्रिझमची काच हलक्या दर्जाची आहे.

मग ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पुढच्या भिंगात बघा. हिरवट-जांभळी प्रतिबिंबं ठीक. एखादं पांढरंशुभ्र दिसलं तर ते पृष्ठ कोरं.

चष्मा न काढता, नेत्रिकेचे रबरी कप खाली करून पूर्ण वर्तुळ दिसतं का तेही बघा. आय रिलीफ (पूर्ण चित्र दिसायला डोळा नेत्रिकेपासून जितका लांब ठेवता येतो ते अंतर) १६ मिमीच्या खाली असेल तर कडा कापल्या जातात.

रातवा:
सध्याच्या दुर्बिणीत दिवसा स्वच्छ दिसतं, संध्याकाळी धूसर. बिघाड आहे का?

घारडोळा:
बहुधा नाही. बाहुली मोठी झाली की डोळ्याचा फोकस थोडा सरकतो, दोन डोळ्यांचा वेगवेगळाही. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावं झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या नेत्रिकेची कडी फिरवा. हे त्या कातरवेळीच, दूरच्या एखाद्या वाळक्या फांदीवर करा. दुपारी लावलेलं तेव्हा उपयोगी पडत नाही. आणि आधीची वीस मिनिटं मोबाइल बंद ठेवा, एका नजरेत डोळ्यांची अंधाराची सवय जाते.