१४ की २०? आधी फिल्टरचं बघा

फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) सोनी कॅमेऱ्यावर फोटो आणि व्हिडिओ दोन्हीसाठी १४ मिमी एफ/१.८ लेन्स घ्यावी की २० मिमी एफ/१.८, या प्रश्नावर या चर्चेत वर सगळ्यांनी १४ ला कौल दिलाय. माझं मत उलटं.

१४ ची पुढची काच फुगीर, समोर फिल्टर चढतच नाही. लेन्स काढून मागे जिलेटिन फिल्टरचा तुकडा सरकवायचा. भर उन्हात व्हिडिओसाठी शटर १/५० सेकंद ठेवायचं तर एनडी (प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर) लागतोच, आणि ऊन-सावलीप्रमाणे तो बदलावाही लागतो. कड्यावर भणाण वाऱ्यात हे करून बघा एकदा! २० ला साधा ६७ मिमीचा व्हेरिएबल एनडी (फिरवून गडदपणा कमी-जास्त होणारा) चालतो. फक्त टोकापर्यंत फिरवू नका, आकाशात काळी फुली उमटते.

मी हरिश्चंद्रगडावर १४ भाड्याने नेली होती. कोकणकडा फ्रेममध्ये बोटभर, खाली माझेच बूट. पुढे काही ठेवायला नसेल तर एवढी वाइड लेन्स सगळं लांब ढकलते. २० एकोणीस सेंटीमीटरवर फोकस होते. सोनकीचं फूल नाकासमोर धरलं तरी मागे अख्खा कडा येतो.

चालत बोलताना ॲक्टिव्ह स्टॅबिलायझेशन (कॅमेऱ्यातली हादरे कमी करायची सोय) लावलं की फ्रेम कडेने कापली जाते, तिथे मुळात कमी वाइड असलेली २० तोकडी पडते हे मान्य. आकाशगंगेचंच वेड असेल तर मात्र डोळे झाकून १४.

कॅमेरा बॉडी एपीएस-सी (फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) असेल तर दोन्ही सोडा, ११ मिमी एफ/१.८ बघा. वजन १८१ ग्रॅम.