श्रद्धा वरून लावलेली नाही

ख्रिस्ती नीतीतून देव वगळला तरी सेवा आणि क्षमा उरतातच, मग श्रद्धा हवी कशाला, असं काही जण विचारतात. मला हे पटत नाही. पंडिता रमाबाईंचंच पाहा. इंग्लंडमध्ये फुलहॅमला, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना माणूस म्हणून सांभाळणाऱ्या सिस्टर त्यांनी पाहिल्या. आपल्याकडे अशा बाईला दाराशीही कुणी उभं करत नसे. हे का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरने बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली, पाच नवरे झालेली बाई. आणि येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहारच ठेवत नसत, आणि इथे यहुदी माणूस शोमरोन्याच्या हातचं पाणी मागतोय! याचा अर्थ मराठी माणसाला वेगळा समजवावा लागत नाही. रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे दुष्काळातल्या मुलींना केडगावात आणून जगवलं.

म्हणजे इथे नियम आधी नाही. देवाने आधी प्रेम केलं हा विश्वास आधी, वागणं त्यातून येतं. सोळाव्या शतकातला ख्रिस्ती धर्मसुधारक ल्यूथर, त्याचाही रोख हाच: सत्कृत्यांनी माणूस चांगला होत नाही, चांगला झालेला माणूस सत्कृत्यं करतो. उलट बायबलमधलं याकोबाचं पत्र बजावतं की कृतीवाचून विश्वास मेलेला आहे. मला दोन्ही खरं वाटतं. निरीश्वरवादी माणूसही तितकाच दयाळू असतो, हे मी मनापासून मान्य करते. पण रमाबाईंना केडगावात उभं करणारं बळ त्यांच्या श्रद्धेतून आलं, ते वजा करून त्यांची नीती सांगता येत नाही.